सरळ रेष आणि शॉक : एक खुलासा
‘हृदयाच्या मॉनिटरवर सरळ रेष दिसत असूनही परिचारिकांनी विजेचा शॉक दिला नाही, म्हणजे हलगर्जीपणाच झाला’ अशा आशयाचा मजकूर सध्या व्हॉट्सॲपवर फिरत आहे. तो वैद्यकीयदृष्ट्या चुकीचा आहे.

हृदय बंद पडलेल्या रुग्णात, हृदयाचे खालचे कप्पे नुसतेच थरथरत असतील, किंवा ते अतिवेगाने चालत असूनही नाडी लागत नसेल, तेव्हाच शॉकचा उपयोग होतो, कारण ती विस्कळीत विद्युत-क्रिया थांबवून नैसर्गिक लयीला संधी देणे एवढेच त्याचे काम असते. सरळ रेष म्हणजे हृदयात विद्युत-क्रियाच नसणे; तिथे थांबवण्याजोगे काही नसतेच. (हा गैरसमज चित्रपटांनी मुरवला आहे.)

अशा वेळी परिचारिका आधी रुग्णाकडे पाहते, मॉनिटरकडे नंतर. कारण घामाने छातीवरचा इलेक्ट्रोड (हृदयाचे विद्युत-संकेत टिपणारी चिकटपट्टी) सुटला, तर शुद्धीत बोलणाऱ्या माणसाचीही रेष सरळ दिसते, आणि उलट, रुग्ण दात घासत असताना हाताच्या हालचालीनेही जीवघेणी लय उमटल्याचा भास होतो. प्रतिसाद, श्वास आणि नाडी नसेल, तर मिनिटाला १०० ते १२० या गतीने, प्रौढांत ५ ते ६ सेंटिमीटर खोल छाती दाबणे तत्काळ सुरू होते आणि दर ३ ते ५ मिनिटांनी १ मिलिग्रॅम ॲड्रिनॅलिन हे हृदयाला उत्तेजन देणारे औषध शिरेतून दिले जाते. दर २ मिनिटांनी लय पुन्हा तपासतात. तेव्हा थरथर दिसली, तर मात्र शॉक लगेच दिला जातो.