कानस, बेअरिंग आणि इलेक्ट्रिक गाडी : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

‘ऑटोमोबाइल घेण्यापेक्षा आधी मेकॅनिकल घ्या’ या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया कळकळीची आहे, म्हणून सविस्तर लिहितो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : तुमचा भाचा यंदा सांगलीत मेकॅनिकल इंजिनिअरिंगला लागला, आणि पहिल्याच सेमिस्टरला त्याला वर्कशॉपमध्ये कानशीने लोखंड घासायला उभं केलं. सीएनसीच्या (संगणकावर चालणाऱ्या यंत्रांच्या) काळात हा पोराचा वेळ फुकट घालवणं आहे. इंजिन संपत आलंय, गाडी आता बॅटरी आणि सॉफ्टवेअरची झाली, आणि माझ्यासारखे लोक अजून मुलांना जुन्याच वाटेने धाडतायत.

कानशीपासूनच सुरुवात करू, कारण तुमचा राग तिथे जास्त आहे.

फिटिंगच्या जॉबमध्ये दोन पट्ट्या एकमेकींत बसवायच्या असतात. व्हाइसमध्ये धरून घासायचं, गुण्या लावून उजेडात बघायचं, फट दिसली की पुन्हा घासायचं. पुढे कंपनीत तो मुलगा कानस हातात धरणार नाही, हे मलाही मान्य आहे. पण पुढे तो ड्रॉइंगवर ‘अधिक-उणे ०.०५’ मिलिमीटर लिहील, तेव्हा ०.०५ म्हणजे किती हे त्याच्या हाताला ठाऊक असायला हवं. ज्याने कधी घासलंच नाही, तो गरज नसलेल्या ठिकाणी ०.०१ मागतो आणि भागाची किंमत दुप्पट-तिप्पट करून ठेवतो. मी गिअरबॉक्सच्या डिझाइनमध्ये नोकरी केली. कुपवाड एमआयडीसीतल्या लहान शॉपचे मालक असली ड्रॉइंग हातात घेऊन ‘साहेब, हे नक्की लागतंय का?’ म्हणून विचारायचे, आणि बहुतेक वेळा ते लागत नसायचं.

आता इलेक्ट्रिक गाडी. तिच्या मोटरचं घर, म्हणजे बाहेरचं कवच, वजन वाचवण्यासाठी ॲल्युमिनियमचं असतं आणि त्यात बसणारं, फिरता दांडा धरणारं बेअरिंग पोलादी. बेअरिंगचा बाहेरचा व्यास १०० मिलिमीटर धरा. चालताना तापमान ६० अंशांनी वाढलं, तर ॲल्युमिनियमचं भोक सुमारे ०.१४ मिलिमीटरने मोठं होतं आणि पोलादी रिंग ०.०७ ने. दोन्हींत ०.०७ च्या आसपास फरक पडला. १०० मिलिमीटरच्या भोकाला आपण नेहमी देतो त्या एच-७ टॉलरन्सचा (मापात चालणाऱ्या कमी-जास्तीचा) पूर्ण पट्टाच मुळी ०.०३५ मिलिमीटरचा. म्हणजे थंड असताना घट्ट वाटलेली बैठक गाडी तापली की सैल होते, रिंग आपल्या जागेत हळूहळू फिरायला लागते, घर झिजतं आणि आवाज सुरू होतो. यावर उपाय आहेत : पोलादी स्लीव्ह (नळीसारखं अस्तर) घालणं, बैठक मुळातच जास्त घट्ट ठेवणं. पण ते सुचायला थर्मल एक्स्पान्शन (तापल्यावर होणारी वाढ), फिट (बैठक) आणि मटेरियल या तीन गोष्टी एकाच डोक्यात एकत्र असाव्या लागतात. हा प्रश्न सॉफ्टवेअर सोडवेल, पण तो विचारायचा आहे हे माणसाला कळावं लागतं.

आवाजाचंही तसंच. पेट्रोल गाडीत इंजिनच्या आवाजाखाली गिअरचा बारीक कर्कश सूर दबून जायचा. इलेक्ट्रिक गाडीत तो थेट कानावर येतो, त्यामुळे गिअरच्या दातांचा आकार पूर्वीपेक्षा काटेकोर करावा लागतो. मग वजन. एक किलो पेट्रोलमध्ये सुमारे १२ किलोवॅट-तास ऊर्जा असते, तर चांगल्या लिथियम-आयन सेलमध्ये किलोमागे पाव किलोवॅट-तास. मोटरची कार्यक्षमता इंजिनच्या दुपटीहून जास्त आहे, तरी ही दरी पुरती भरून निघत नाही. बॅटरीचं जास्तीचं वजन सस्पेन्शनने, टायरने आणि ढाच्यानेच उचलायचं असतं. आणि सेल फार तापू नयेत, फार गारही पडू नयेत, म्हणून त्यांच्यामधून पाणी खेळवायचं काम ज्याचं ‘हीट ट्रान्सफर’ (उष्णता वाहून नेण्याचा विषय) पक्कं आहे त्याचंच.

अभ्यासक्रमाबद्दल मात्र तुमच्याशी माझं अजिबात भांडण नाही. कार्ब्युरेटरच्या (पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या जुन्या भागाच्या) आकृत्या अजून पाठ करून घेतल्या जात असतील, तर ते चूकच आहे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हा प्रदूषणाचा नियम लागू झाला आणि दुचाक्यासुद्धा फ्युएल इंजेक्शनवर गेल्या. इंजेक्टर, सेन्सर, ईसीयू (इंजिन चालवणारा छोटा संगणक) शिकवा, पॉवर इलेक्ट्रॉनिक्सची तोंडओळख द्या. नव्या शैक्षणिक धोरणात मल्टिडिसिप्लिनरी मायनर, म्हणजे दुसऱ्या शाखेचा जोडविषय, आलाय. भाच्याला तो इलेक्ट्रॉनिक्स किंवा कॉम्प्युटरचा घ्यायला सांगा. पण थर्मो (उष्णता आणि ऊर्जेचा विषय), एसओएम (पदार्थांची ताकद) आणि थिअरी ऑफ मशीन्स कमी करून तिथे सॉफ्टवेअरची बटणं शिकवायची, याला माझा ठाम विरोध आहे. बटणं तीन वर्षांत बदलतात.

‘सांगलीत बसून ऑटोमोबाइलचं काय कळणार’ हे तुमचं वाक्य मला सगळ्यात जास्त लागलं. या जिल्ह्यातल्या कुंडलच्या माळावर १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना उभा केला. त्याआधी ते मुंबईच्या व्हीजेटीआय या तंत्रशिक्षण संस्थेत ड्रॉइंग शिकवत होते, आणि बेळगावात त्यांनी सायकलींचं दुकानही चालवलं. कागदावरची रेघ आणि हातातलं लोखंड दोन्ही येणारा माणूस होता तो. त्यांचा लोखंडी नांगर आपल्याच शेतीचा प्रश्न बघून झाला.

असा प्रश्न आजही आपल्या रस्त्यावर आहे. गळीत हंगामात वाळवा-पलूस भागात ट्रॅक्टरमागे दोन-दोन उसाच्या ट्रॉल्या बघा. चढाला पुढची चाकं उचलतात, कारण ओढ हुकाच्या उंचीवर लागते आणि ती पुढचा भार मागच्या चाकांवर टाकते. हूक जितका वर, तितकं हे जास्त. उताराला उलट : अनेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. ब्रेक फक्त ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांना, आणि पाठीमागचे कित्येक टन त्याला पुढे ढकलतात. वळणावर हे झालं की ट्रॉली आडवी येते. यात दरवर्षी माणसं जातात. वेहिकल डायनॅमिक्सचा (चालत्या गाडीवरच्या बळांच्या विषयाचा) याहून जिवंत प्रकल्प मला माहीत नाही. शेवटच्या वर्षाच्या मुलांनी परदेशी पेपरमधला विषय उचलण्यापेक्षा ट्रॉलीसाठी स्वस्त, शेतकऱ्याला परवडेल असा ओव्हररन ब्रेक करून दाखवावा, असं मला फार मनापासून वाटतं. ट्रॉली पुढे ढकलायला लागली की त्याच ढकलण्याने तिचे ब्रेक लागतात, एवढंच त्याचं तत्त्व. साखर कारखान्याच्या यार्डात चाचणी घेता येईल.

म्हणूनच मी आधी मेकॅनिकल म्हणतो. ऑटोमोबाइल वाईट नाही, पण पदवीलाच एका यंत्राशी बांधून घेतलं की पुढे पंप, टर्बाइन, साखर कारखाना, शीतगृह ही दारं अरुंद होतात. गाड्यांचीच आवड असेल तर ऐच्छिक विषय आहेत, मुलांनी स्वतः गाडी बनवून पळवायच्या बाहासारख्या स्पर्धा आहेत, पुढे एम.टेक. आहे. बाहाचा इलेक्ट्रिक गटही आहे, आणि तिथेही रोल केज (चालकाभोवतीचा सुरक्षेचा सांगाडा), सस्पेन्शन पोरांना उभं करावंच लागतं.

पगाराचं विचारलंत. सुरुवातीचा पगार सॉफ्टवेअरपेक्षा बहुतेक ठिकाणी कमी असतो, हे लपवण्यात अर्थ नाही. शिक्षणाचं कर्ज मोठं असेल आणि घरात दुसरी कमाई नसेल, तर हा हिशेब आधी मांडावा. त्या घराला मी मेकॅनिकलचा आग्रह धरणार नाही.

तुमच्या भाच्याचा प्रवेश झालेलाच आहे, तेव्हा एवढं बघा. एका लेथवर किती मुलं उभी असतात? इंजिनची ताकद मोजणारा डायनॅमोमीटर चालू आहे की झाकून ठेवलाय? फिटिंगचा जॉब सर मायक्रोमीटर लावून तपासतात की नुसती सही करतात? सहीच होत असेल तर तुमचा राग योग्य आहे, आणि तो भाच्याला घेऊन विभागप्रमुखांपर्यंत न्या.