चौदा टीएमसीचा हौद

"चालत आलात?"

स्वित्झर्लंडमध्ये, २३६५ मीटर उंचीवर, ग्रांद दिक्सांस धरणाच्या माथ्यावर पोचून मी "आई गं" म्हणत कठड्याला टेकलो आणि तेवढ्यावरून ओळखला गेलो. समोर काका. माकडटोपी, हातात बाकरवडीची पुडी.

"हो, चालत."

"का? केबल कार आहे ना!"

"आवड म्हणून."

काकांनी मला नखशिखान्त न्याहाळलं. मग काकूंकडे वळून, मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले, "तिकीट महाग वाटलं असेल गं."

काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. निवृत्त फक्त कागदोपत्री.

"साठा किती?"

"चाळीस कोटी घनमीटर."

"टीएमसीत बोला." डोळे मिटले, ओठ हलले. "चौदा! अहो, आमच्या कोयनेत एकशे पाच. याला धरण नाही म्हणत, हौद म्हणतात."

मी का भांडत होतो कोण जाणे. धरण काय माझ्या आजोबांनी बांधलं होतं? तरी सांगितलं, की भिंत २८५ मीटर, काँक्रीटच्या भारस्थायी, म्हणजे स्वतःच्या वजनावर पाणी पेलणाऱ्या, धरणांत जगात सर्वांत उंच, आणि ३५ हिमनद्यांचं पाणी बोगद्यांतून इथे आणलंय.

"म्हणजे उसनं पाणी!" काका खूश. "आणि कालवे?"

"कालवे नाहीत. पाणी जवळजवळ १९०० मीटर खाली पडतं, त्यावर वीज."

"शेतीला थेंब नाही? मग काय उपयोग!"

एवढं बोलून त्यांनी माझ्या हातात मोबाइल दिला. सगळा ग्रुप भिंतीवर ओळीने उभा राहिला. आडवा घ्या, उभा घ्या, मागे बर्फ येऊ द्या, काकूंचे डोळे मिटले, परत घ्या. मी घेतले. माझा काढू का, असं एकानेही विचारलं नाही. बाकरवडी तर लांबच.

उतरताना तिसऱ्या वळणावर सुचलं: कोयना तरी कुठे शेतीसाठी बांधली? तीही मुख्यतः विजेसाठीच! आणि तिच्यापायी उठलेल्या गावांतली माणसं पुनर्वसनासाठी पिढ्यान् पिढ्या मोर्चे काढतायत, ते कुठल्या टीएमसीत मोजायचं? पण हे ऐकवायचं कोणाला? दगडांना? गुडघे तेवढे ऐकत होते, आणि तेही कुरकुरत.

तेवढ्यात वरून केबल कार खाली निघाली. काचेला माकडटोपी चिकटलेली. काकांनी जोरजोरात हात हलवला.

मी बुटाची नाडी बांधायला वाकलो. बांधलेलीच होती.