नऊ कोटींची रात्र

मे महिन्यातल्या एका रात्री सव्वाबारा वाजता मी नऊ कोटींचा धनी झालो. अंगात बनियन, समोर लॅपटॉप आणि कूलरमधलं पाणी संपलेलं. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणलेलं आमचं लातूर. इथं मे महिन्यात पाणी कूलरला घालायचं की प्यायला ठेवायचं, हा प्रश्न अजून सुटायचाय. पण नऊ कोटीवाल्याला कूलरचं काय कौतुक? बसलो तसाच गरम वारा खात.

मी पेशाने मास्तर. उन्हाळी सुट्टीत बाकीचे मास्तर सोयरिकी जमवतात नाहीतर प्लॉट दाखवत फिरतात. मी यंदा पायथन ही संगणकाची भाषा शिकलो. शेअरबाजारात आजवर जे घालवलं ते मनाने घालवलं होतं, आता नियमाने कमवायचं ठरवलं. नियम साधा. ज्या दिवशी निफ्टी, म्हणजे ५० बड्या कंपन्यांच्या शेअरचा निर्देशांक, १ टक्क्याहून जास्त वर बंद होईल, त्या दिवशी निफ्टीतले शेअर घ्यायचे, साडेतीनला विकून मोकळं व्हायचं. २००८ पासूनचे भाव उतरवून घेतले आणि १ लाख रुपये, अर्थात कागदावरचे, या नियमावर सोडून दिले.

पहिले चार दिवस तारखांनीच खाल्ले. फाईलमधला ५ जून माझ्या कोडने ६ मे वाचला आणि दणादण रविवारी खरेदी सुरू झाली. रविवारी बाजार बंद असतो, हे आमच्या गंजगोलाईच्या बाजारातलं शेंबडं पोरही सांगेल. मी चिडून एक ओळ टाकली: रविवार दिसला की उडव. तारखा दुरुस्त झाल्या तरी ती ओळ तशीच राहिली. १२ नोव्हेंबर २०२३ हा लक्ष्मीपूजनाचा रविवार होता, त्या संध्याकाळी मुहूर्ताचे सौदे झाले होते. तेही तिने गिळले. म्हटलं जाऊ दे, एका दिवसाने काय होतंय.

आणि मग ती रात्र. आलेख असा चढत गेला होता की स्क्रीन संपली. कुठं खाचखळगा नाही, कुठं दम खाणं नाही. बायकोला उठवावं असं दोनदा मनात आलं. पण नऊ कोटींसाठीसुद्धा तिला झोपेतून उठवण्याची हिंमत झाली नाही.

सकाळी चहाचा कप घेऊन अण्णांकडं गेलो. ओसरीवर ओलं गोणपाट पसरून अण्णा त्यावर सोयाबीनचे १०० दाणे ओळीने मांडत होते. पेरणीआधी घरच्या बियाण्याची उगवण तपासायची त्यांची दरसालची पद्धत. ७० उगवले तर बरं, त्याखाली आलं तर बियाणं बदला. मी म्हटलं, "अण्णा, मी पण तेच करतोय. निफ्टी वर गेली की त्या दिवशी घ्यायचं अन् विकायचं. १७ वर्षांचं तपासून बघितलं."

"वर गेली हे कळतंय कवा?"

"साडेतीनला. बाजार बंद होताना."

"अन् घेतोस कवा?"

"सकाळी सव्वानऊला, बाजार उघडला की."

अण्णांचा हात दाण्यावर थांबला. "म्हंजे संध्याकाळचा पाऊस बघून सकाळी पेरायलास की रं तू."

चहा हातातच गार झाला. कोडमध्ये फक्त एक शब्द कमी होता, शिफ्ट. कालचा निकाल आजच्या ओळीत सरकवायचा, की संपला विषय. मी तो सरकवला. नऊ कोटींचे १ लाख १४ हजार झाले. १७ वर्षांत! आमच्या पतसंस्थेतल्या ठेवीने याहून बरं दिलं असतं. मग ब्रोकरेज, एसटीटी म्हणजे शेअरच्या सौद्यांवरचा कर, स्टँप ड्युटी, जीएसटी वजा केले. उरले ६६ हजार. म्हणजे काहीच न करता पैसे गादीखाली ठेवले असते तरी ३४ हजार वाचले असते.

शोधाशोध केली तर एक तारीख सापडली आणि घशाला कोरड पडली. ३ जून २०२४ ला एक्झिट पोल वाचून निफ्टी ३ टक्क्यांहून जास्त वर. माझा नियम खूश. दुसऱ्या दिवशी सकाळी घे म्हणाला. दुसरा दिवस म्हणजे ४ जून, मतमोजणीचा. निफ्टी जवळपास ६ टक्के खाली बंद. हा नियम माझ्या हाती तेव्हाच असता, तर मी टीव्हीसमोर पेढे घेऊन बसलो असतो, डीमॅटसकट.

त्यातही ५० शेअरची यादी मी आजची घेतली होती. घोटाळ्यापायी २००९ च्या जानेवारीत निफ्टीतून हाकललेली सत्यम कंपनी तीत कुठून असणार? दावणीला उभी असलेली जनावरं मोजायची आणि 'आमच्याकडं जनावर कधी दगावलंच नाही' म्हणायचं, त्यातला प्रकार. जुन्या याद्या घातल्यावर ६६ चे किती झाले, ते मी घरात सांगितलेलं नाही.

पण मास्तर माणूस, गणित येत नाही म्हटलं की मारूनमुटकून उत्तर आणतो. १ टक्क्याऐवजी १.२ करून बघितलं, १.३ करून बघितलं. सोमवार वगळला, मार्च वगळला. आठवडाभराने १.३७ टक्के आणि फक्त गुरुवार, असं धरल्यावर आलेख पुन्हा चढायला लागला. बायको भाजी निवडत बघत होती.

"अहो, ते १ पर्यंत ठीक आहे. पण वरचे ३७ कुठून आणले?"

माझ्याकडं उत्तर नव्हतं. तेवढ्यात लाईट गेली, इज्जत राहिली.

जूनच्या पहिल्या आठवड्यात अण्णांनीच हाक मारली. हातात १९९३ च्या भूकंपानंतर धरलेली पावसाची वही. तारीख, वार, किती पडला, कधी पेरलं, कुठल्या साली दुबार पेरणी. "७५ ते १०० मिलिमीटर पडल्याबिगर पेरू नका म्हणतेत कृषीवाले. तुज्या मशीनीत घाल अन् बग, आपल्या रानात ते खरं हाय का."

दोन दिवस बसून सगळी वही टाईप केली. तारीख आधी, महिना नंतर, तीनतीनदा तपासलं. शिफ्टसुद्धा टाकलं. उत्तर आलं: ३० पैकी २२ वर्षी आपल्याकडं पेरण्याइतका पाऊस जूनमध्ये झालाच नाही.

अण्णांनी चष्मा लावला, बोटाने एकेक ओळ वहीशी ताडत खाली आले, आणि माझ्याकडं बघितलं.

"तुज्या मशीनीत रविवारी पाऊस पडतच न्हाई होय रं?"