बघूया की!
चार महिने झाले, मित्रांचं एकच उत्तर: "बघूया की!" अरे, काय बघूया? कडे चढायला जायचंय हिमाचलच्या मियार खोऱ्यात, बदामीला नाही! बदामीत काही विसरलं तर रात्रीत बेळगाव गाठता येतं. मियारला त्या ग्रॅनाइटच्या भिंतींखाली कुणाचा पाय मोडला तर उचलून खाली आणणार कोण? आपणच ना? मग प्रथमोपचार शिकणार कोण, विचारलं की सगळे गप्प. दिल्लीला नेणाऱ्या गोवा एक्स्प्रेसचं रिझर्वेशन 60 दिवस आधी सुटतं, दहादा सांगितलं. एकाचीही रजा पक्की नाही. टी-शर्टच्या रंगावर मात्र रात्री एकपर्यंत मेसेज!

परवा हॉलमध्ये चढाईचा दोर पसरून चाचपत बसलो. 60 मीटर, वीतभर वीतभर. मध्येच एका जागी चिमटीत तो कागदासारखा चपटा दुमडला. वरचं आवरण धड, आतला गाभा गेलेला. फोटो टाकला, तर म्हणे, "चालतंय की, वरनं बरा दिसतोय."

चालतंय? त्याच दोरावर तू लटकणार आहेस, आणि खाली बिले द्यायला, म्हणजे दोर धरून तुला सांभाळायला, मी उभा असणार!

रविवारपर्यंत रजा आणि नव्या दोराचे पैसे. नाहीतर माझं नाव काढा.