आत्याच्या घरी शिकायला

गणपतीत साताऱ्याच्या घरी आरतीनंतर जो वाद झाला, तो मला तिघांनी फोनवर तीन तऱ्हांनी सांगितला. विषय एकच. माझ्या भावाने चौदा वर्षांचा मुलगा शिकायला कॅनडात माझ्याकडे पाठवला, हे आईबापाला शोभतं का? थोरले काका म्हणाले म्हणे, "डॉलरच्या मोहापायी पोर परक्याच्या घरी ठेवलं." भाऊ गप्प बसला. मी बसणार नाही.

काकांचे वडील, म्हणजे माझे आजोबा, माणमधलं गाव सोडून साताऱ्याला आले ते कर्मवीर अण्णांनी १९२४ मध्ये काढलेल्या शाहू बोर्डिंगात राहून शिकायला. आजोबा शिकले म्हणून आम्ही सगळे शिकलो. आळीतला एक मुलगा सहावीला सैनिक स्कूलला लागला तेव्हा याच काकांनी पेढे वाटले होते. अकरा वर्षांचं पोर आईपासून तोडलं, असं तेव्हा कुणाच्या मनातही आलं नाही. दहावी झाली की पोरं लातूरला आणि कोट्याला जातात, दहा बाय दहाच्या खोलीत दोन-दोन वर्षं काढतात. कोट्यात २०२३ मध्ये हॉस्टेलच्या पंख्यांना स्प्रिंग बसवायचा आदेश प्रशासनाला काढावा लागला. पोरांनी गळफास घेऊ नये म्हणून! त्यावर आमच्या घरी आरतीनंतर वाद झाल्याचं मी कधी ऐकलं नाही.

आणि डॉलरचा मोह कसला? पील बोर्डाची, म्हणजे इथल्या सरकारी शाळांची, परदेशी मुलांची फी वर्षाला पंधरा हजार डॉलरच्या वर आहे. ओहिप, म्हणजे इथला सरकारी आरोग्य विमा, त्याला नाही, त्यामुळे विमा वेगळा काढावा लागतो. शाळकरी परमिटवर त्याला टिम हॉर्टन्सच्या कॉफीच्या दुकानात तासभरही काम करता येत नाही. भावाने त्यासाठी कोडोलीकडचा प्लॉट विकला, हे काकांना ठाऊक आहे.

इथे त्याला रस्त्यात कुणी टक्के विचारत नाही. गणित अडलं तर मिस जेवणाच्या सुट्टीत शेजारी बसवून घेतात आणि संध्याकाळी स्वतःच्या क्लासला ये म्हणत नाहीत. हिवाळ्यात तो अंधारातच बसस्टॉपवर जातो, स्नो पँटला कंटाळतो, पहिल्या नोव्हेंबरात तर फार रडला. ते मी भावाला त्याच दिवशी सांगितलं. वहिनीने फोनवर त्याला जेवताना समोर बसवलं आणि दोघं एकमेकांकडे बघत जेवली. तिच्याकडे तेव्हा सकाळचा नाश्ता होता. अशा बाईला पोर नजरेआड केलं म्हणून ऐकवायचं?

पण मला लागलं ते 'परक्याच्या घरी'. सतरा वर्षांखालचं मूल आईवडिलांशिवाय इथे आलं की कुणी तरी नागरिकाने किंवा पीआरने, म्हणजे कायमचा रहिवास मिळालेल्याने, कस्टोडियन, म्हणजे त्याचं जबाबदार पालक, व्हावं लागतं. मी नोटरीसमोर सही केली, भावाने आणि वहिनीने साताऱ्यात तसाच कागद केला. ताप आला, शाळेतून फोन आला, तर उत्तर मी द्यायचं. एवढं असूनही उद्या मी त्याला कायमचा स्पॉन्सर करायचं म्हटलं तर नवरा-मुलं असलेल्या माझ्यासारखीला नियम असा की भाचा अनाथ असला पाहिजे. आईबाप धडधाकट असलेला भाचा इमिग्रेशनच्या लेखी माझा कुणी नाही. हे सरकारने म्हटलं तर मी समजू शकते, त्याला आत्या म्हणजे काय ते माहीत नाही. पण ज्या घरात मी वाढले, ज्या घरात भाच्याच्या बारशाला त्याच्या कानात नाव मी सांगितलं, त्या घराने मला परकी ठरवावं? लग्न करून पुण्याला गेले असते तर म्हटलं असतं का? विमानात बसले एवढ्यानेच नातं संपलं?

काकांना एक गोष्ट माहीत नाही. हा विषय भावाने काढलाच नव्हता. मीच काढला. माझी मुलं इथे जन्मली, त्यांना मराठी समजतं, पण उत्तर इंग्रजीत येतं. मी त्यांच्यावर चिडत नाही, त्यांचं गाव ब्रॅम्प्टन आहे. भाचा आला आणि स्वयंपाकघरात "आत्या, कवा जेवायचं?" ऐकू आलं तेव्हा मला कळलं की या घरात इतकी वर्षं माझ्याशी माझ्या बोलीत कुणी बोललंच नव्हतं. भाकरीबरोबर खर्डा मागणारं माणूस मला हवं होतं. त्याचं शिक्षण हे कारण खरंच होतं, पण एकटं तेच नव्हतं. आता तोही मित्रांशी बोलता बोलता माझ्याकडे वळून इंग्रजीतच विचारतो, आणि मी त्याला थांबवत नाही.

बारावीनंतर काय, यावर भावाचं आणि माझं मत जुळत नाही. त्याला वाटतं, मुलाने पुण्याला इंजिनिअरिंगला यावं. मला वाटतं, इथल्याच वॉटर्लू विद्यापीठात जावं. जुलैत तो सुट्टीला साताऱ्याला येतो आहे. काकांनी त्याला शेजारी बसवून विचारावं, आणि तो म्हणेल ते भावाने आणि मी दोघांनी ऐकावं.