आठवड्याला एक बादली? छे!

‘दर आठवड्याला फिश टँकचं पाव पाणी बदला’ असं सांगणाऱ्या माणसाला चहासुद्धा विचारू नका. रिकामटेकडी जमात. तुमचा टँक दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. काठोकाठ भरला तरी 56 लिटर. त्याचं पाव म्हणजे 14 लिटर, मोरीतली एक बादली. नळी लावून खड्यांतला गाळ ओढायचा, ते पाणी कुंड्यांना घालायचं, ताज्या पाण्यात अँटी-क्लोरिनचे थेंब टाकून ते हळूहळू ओतायचं. 20 मिनिटं! तेवढ्या वेळात किती रील्स होतात?

तुम्ही वाट पाहा. पाणी हिरवं झालं की पाहुण्यांना सांगा, ‘नॅचरल लूक ठेवलाय.’ मासे वर येऊन तोंडं उघडमीट करू लागले की समजा, भूक लागली. आणखी चिमूटभर दाणे टाका. खाल्ले नाहीत तर तळाशी कुजतील, वाया काही जात नाही.

मग एखाद्या रविवारी, नळाला पाणी असेपर्यंत, मोहीम काढा. मासे सासूबाईंच्या टोपात. (त्यांना विचारू नका, त्या दुधाच्या टोपाबद्दल हळव्या असतात.) नळी तोंडाने ओढा, सहा महिन्यांच्या पाण्याची चव जन्मात विसरणार नाही. हीटर असेल तर चालूच ठेवा, पाणी उतरलं की काच फुटते का ते कळेल. खडे परातीत घेऊन तांदळासारखे धुवा. तांदूळ मात्र तिसऱ्या पाण्याला निवळतात.

खरं काम आहे फिल्टरच्या स्पंजचं. त्यात जिवाणू राहतात. माशांनी सोडलेल्या अमोनियाचं ते आधी नायट्राइट करतात, मग त्यामानाने निरुपद्रवी नायट्रेट. त्यांची वस्ती बसायला महिना-दीड महिना जातो. म्हणजे फुकटे भाडेकरूच की! टँकच्याच पाण्यात स्पंज हलकेच पिळायचा, असं ती बादलीवाली मंडळी म्हणतात. तुम्ही नळाखाली धरा, भांड्यांचा साबण लावा आणि खसाखसा घासा. जे साबणाला पुरून उरतील त्यांना नळातलं क्लोरिन बघून घेईल.

संध्याकाळी कंबर धरून सोफ्यावर बसा. काच लखलखतेय, फोटो काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाका. अंगठे येतील.

तिसऱ्या दिवशी गोल्डफिश तिरका पोहू लागेल, पाचव्या दिवशी दुसरा. तुम्ही दुकान गाठा. दुकानदार विचारेल, ‘पाणी बदललं होतं का?’ छाती काढून सांगा, ‘अख्खं! साबणाने!’ तो क्षणभर तुमच्याकडे पाहील, मग निळ्या औषधाची बाटली आणि पिशवीत चार नवे मासे देईल. बादली दाखवली तर म्हणा, आहे घरी.

येता येता धडा मनाशी पक्का करा: पाणी बदललं, म्हणून मासे मेले. आता दिवाळीपर्यंत टँकला हात लावायचा नाही.