मूठ पुढे करू नका: अनोळखी कुत्र्याबद्दलचा तो फॉरवर्ड

पुण्यातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर 'अनोळखी कुत्र्याशी दोस्ती कशी करावी' हा सल्ला पुन्हा पुन्हा फिरत असतो. थोडक्यात मजकूर असा: हाताची मूठ करून कुत्र्याच्या नाकापाशी न्या आणि त्याला हुंगू द्या. शेपूट हलली की दोस्ती झाली, मग डोक्यावरून हात फिरवा. घाबरलात असं दाखवू नका, नजर रोखून उभे राहा. भुंकणारा कुत्रा चावत नाही. खिशात बिस्किटं ठेवा.

पाठवणाऱ्याचा हेतू चांगला असतो, यात शंका नाही. पण यातल्या बहुतेक सूचना माणसाचा हात किंवा चेहरा कुत्र्याच्या तोंडाजवळ नेतात, आणि मुलं त्या जशाच्या तशा पाळतात. म्हणून एकेक मुद्दा तपासून पाहू.

'मूठ नाकापाशी न्या.' याची गरजच नसते. तुम्ही चार-पाच फुटांवर थांबता तेव्हाच तुमचा वास कुत्र्यापर्यंत पोचलेला असतो. मूठ पुढे केल्याने त्याला नवी माहिती मिळत नाही, उलट एक अनोळखी माणूस थेट तोंडावर आल्यासारखं वाटतं. मोकळा कुत्रा अशा वेळी मागे सरकून निघून जाईल. पट्ट्यातला कुत्रा, जिन्यात किंवा लिफ्टच्या दारात उभा असलेला कुत्रा, कुठे जाणार? पळायची वाट बंद झाली की त्याच्यापाशी दात उरतात.

त्या क्षणी त्याच्या तोंडाकडे नीट पाहा. सैल, उघडं तोंड एकदम मिटतं. जीभ झटकन नाकावरून फिरते. मान बाजूला वळते, पण डोळे हातावरच राहतात, त्यामुळे डोळ्याच्या कडेला पांढरा भाग चंद्रकोरीसारखा दिसतो. बघणारे म्हणतात, 'लाजतोय बघा.' तो लाजत नाही, 'लांब राहा' असं सांगतो आहे. झोप आलेली नसताना दिलेली जांभई, मागे पडलेले कान, उचलून धरलेला एक पंजा यांचाही बहुधा तोच अर्थ.

मग करायचं काय? सहा-सात फुटांवर थांबा आणि आधी मालकाला विचारा, 'हात लावला तर चालेल का?' 'काही करत नाही तो' हे उत्तर पुण्यात हमखास मिळतं. पण मालकाला माहीत असतो तो घरातला कुत्रा, अनोळखी माणसासमोरचा नव्हे. म्हणून मालक हो म्हणाला तरी पुढचा होकार कुत्र्याचाच हवा. त्याच्याकडे कूस करून उभे राहा, हात अंगालगत सैल सोडा, नजर जमिनीकडे ठेवा आणि वाट पाहा. तो आपणहून आला तर बूट आणि पँट हुंगू द्या. एवढ्यावर हात लावायची घाई नको, कारण हुंगणं ही त्याची चौकशी आहे, परवानगी नाही. अंग सैल ठेवून तो तिथेच रेंगाळला किंवा टेकला, तर खांद्यावर किंवा छातीच्या बाजूला हळू हात फिरवा. साधारण तीन सेकंदांनी हात काढून घ्या. त्याने पुन्हा नाक लावलं, अंग टेकवलं, तर आणखी थोडं. अंग झटकून बाजूला झाला तर भेट संपली. तो आलाच नाही, तर तेही स्पष्ट उत्तर आहे आणि ते ऐकायलाच हवं.

'शेपूट हलली की दोस्ती.' हलणारी शेपूट एवढंच सांगते की कुत्रा उत्तेजित आहे. आनंदात शेपूट ऐसपैस हलते, तिच्याबरोबर कंबरही डुलते. उंच, ताठ धरलेली शेपूट भराभर थरथरत असेल आणि बाकी अंग लाकडासारखं कडक असेल, तर तिथून सावकाश मागे व्हा. आपल्याकडच्या गावठी कुत्र्यांची शेपूट मुळातच पाठीवर वळलेली असते, तेव्हा नुसती उंची बघून फसायला होतं. सगळं अंग बघायचं. सर्वांत धोक्याची खूण म्हणजे हलता कुत्रा अचानक स्तब्ध होणं.

'डोक्यावरून हात फिरवा.' वरून येणारा हात डोळ्यांच्या वर गेला की दिसेनासा होतो, आणि तो फिरवताना माणूस कुत्र्यावर वाकतो. दोन्ही गोष्टी अनोळखी कुत्र्याला नकोशा असतात. लहान मुलांचा तर चेहराच त्याच्या तोंडाच्या उंचीला असतो. मुलांना अनोळखी कुत्र्याला मिठी मारू देऊ नका, फोटोसाठीसुद्धा नाही.

'नजर रोखा.' रोखलेली नजर कुत्र्यांत आव्हान समजली जाते. नजर खाली, बाजूला.

'भुंकणारा कुत्रा चावत नाही.' चावतो. भुंकणं आणि गुरगुरणं हे इशारे आहेत. ते मानून मागे झालं की प्रकरण सहसा तिथेच मिटतं. गुरगुरल्याबद्दल कुत्र्याला मारू नका. इशारा दिल्यावर मार मिळतो हे शिकलेला कुत्रा पुढच्या वेळी इशारा न देता चावू शकतो.

'बिस्किटं ठेवा.' हातातून भरवायला गेलात की बोटं दातांपाशी जातात, आणि रस्त्यावर एकाला दिलं की चार जण येऊन आपसात भिडतात, मधे तुमचे पाय. पाळीव कुत्र्याला मालकाला विचारल्याशिवाय काहीच देऊ नका. चॉकलेट कुत्र्यांना विषारी असतं.

मुळात हा फॉरवर्ड रस्त्यावरच्या कुत्र्यांना लागू करणंच चूक आहे. गाडीखाली झोपलेला, कचराकुंडीपाशी खाणारा किंवा पिल्लांजवळ असलेला कुत्रा भेटण्यासाठी नाही. वळसा घालून जा. नदीपात्रात ढोल-ताशांचा सराव सुरू असताना आणि दिवाळीच्या फटाक्यांत एरवी शांत असलेला कुत्राही बिथरतो. कानाला खाच असली तर त्याची नसबंदी झालेली आहे आणि तेव्हा रेबीजची लस दिलेली असते. त्या खाचेवरून स्वभाव कळत नाही, लसीची मुदत टिकून आहे का तेही कळत नाही.

वेताळ टेकडीवर किंवा तळजाईला पहाटे कुत्रे अंगावर आले तर पळू नका. थांबा, हात छातीशी घ्या, कूस करा आणि ते शांत झाले की सावकाश मागे सरका. पिशवी किंवा छत्री मधे धरा. पडलात तर गुडघे पोटाशी घेऊन मान आणि कान हातांनी झाका. दुचाकीमागे लागले तर पाय वर घेऊन किंवा लाथ मारून तोल घालवू नका. मागून वाहन नसेल तर वेग कमी करत थांबा. गाडी थांबली की बहुतेक कुत्र्यांचा पाठलागही थांबतो.

चावल्यावर काय करायचं, हे त्या फॉरवर्डमध्ये नाहीच. जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटं धुवा, मग पोव्हिडोन आयोडीन हे जंतुनाशक लावा. हळद, तिखट, चुना काही नको, घट्ट पट्टीही नको. त्याच दिवशी ससून, महापालिकेचं रुग्णालय किंवा जवळचा डॉक्टर गाठा. दंडाच्या स्नायूत रेबीजची लस दिली तर 0 (म्हणजे पहिल्या डोसचा दिवस), 3, 7, 14 आणि 28 व्या दिवशी. सरकारी रुग्णालयांत कातडीत देतात ती 0, 3, 7 आणि 28 व्या दिवशी. रक्त आलं असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही (रेबीजविरुद्धच्या तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) लागतं, ते स्वतःहून विचारा. रक्त न येता नुसता ओरखडा असला तरी लस घ्यायचीच. कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवायला सांगतात, पण पहिला डोस त्यासाठी थांबवायचा नाही.